आमच्याकडे लाईट होती!

"आमच्याकडे लाईट होती." हे वाक्य गेली कित्येक वर्षे माझ्या कानात खटकते आहे. पहिल्यांदा ऐकले ते इंदूरला, आणि मीही तेव्हा इतरांबरोबर हसलो होतो. आज त्या हसण्याचा हिशेब मांडायचा आहे.

३१ जुलै २०१२, मंगळवारचा दिवस. वास्कोचा दामोदराचा सप्ताह आटोपल्यावर दोन दिवसांनी मी रजा काढून इंदूरला मावशीकडे गेलो होतो. गुरुवारी राखीपौर्णिमा, म्हणजे आमची सुतांपुनव. मावशीचा मुलगा दिल्लीला नोकरीला. बहिणीकडून राखी बांधून घ्यायला तो रेल्वेने निघाला होता. दुपारची जेवणे झाली होती, काका (मावशीचे यजमान) पाय पसरून टीव्हीसमोर बसले होते. एकदम बातमी आली की दिल्लीसकट अर्धा देश अंधारात गेला. आदल्या दिवशी पहाटे उत्तरेतली वीज गेली होती, ती परत आली म्हणेपर्यंत दुसरा दणका! या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. मेट्रो बोगद्यात थांबलेली, चौकातले दिवे बंद, बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकलेले.

काका खूश! इंदुरी मराठीत म्हणाले, "बघ बघ, दिल्लीवाल्यांची बत्ती गुल झाली! आणि आम्हाला नावं ठेवतात, एमपीत लाईट नसते म्हणून." आम्ही सगळे हसलो. मावशी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "अहो, पण दादा गाडीत आहे ना?"

फोन लावला. लागता लागेना. तासाभराने लागला तेव्हा कळले, गाडी मथुरेच्या आसपास उभी आहे. डब्यात उकाडा, पाणी संपत आलेले, एक म्हातारे गृहस्थ घेरी येऊन पडलेले. मावसभावाने विचारले, "तुमच्याकडे लाईट आहे?" काकांनी छाती फुगवून सांगितले, "आहे! आमच्याकडे लाईट आहे!" तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला आणि राखी वेळेवर बांधली गेली. मी पणजीला परतलो तर कचेरीतही तेच. चहाच्या वेळी सहकारी म्हणाला, "तिथे सगळा काळोख, पण आमच्याकडे लाईट होती हां!" जणू काही आम्ही पुण्यवान म्हणून वाचलो.

मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने सरकारी कारकून. विजेतले मला फ्यूज बांधण्यापलीकडे काही कळत नव्हते. पण त्या वाक्याने मला अस्वस्थ केले, म्हणून त्या प्रकरणाचा अहवाल मी मिळवून वाचला. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या समितीने तो १६ ऑगस्ट २०१२ रोजी दिला. अहवाल वाचायची मला सवय आहे, पोट त्यावरच चालते. पण तो वाचून जे कळले त्याने मला स्वतःचीच लाज वाटली. आम्ही वाचलो हे खरे. पण आम्ही निर्दोष नव्हतो.

काय झाले होते ते आधी साध्या भाषेत सांगतो. उत्तर भारतात त्या वर्षी पाऊस लांबलेला. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात शेतीपंप अहोरात्र चालू. ती राज्ये आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. इकडे पश्चिम विभागात, म्हणजे मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, गुजरात आणि आपला गोवा यांच्या विभागात, पावसाने मागणी उतरली होती, पण वीजनिर्मिती त्या प्रमाणात उतरवली गेली नाही. ही शिल्लक वीज उत्तरेकडे धावू लागली. धावायचा मोठा रस्ता एकच उरला होता, मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरमार्गे आग्र्याकडे जाणारी ४०० किलोव्होल्टची लाइन. तिची जोडलाइन सुधारणेच्या कामासाठी बंद. उरलेल्या एकीवरून हजार मेगावॅटहून जास्त वीज चाललेली. ३० जुलैला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ही लाइन आपोआप बंद पडली. गंमत बघा, लाइनीत बिघाड काहीच नव्हता! ना तार तुटली, ना झाड पडले, ना वीज कोसळली. लाइनीच्या रक्षणासाठी बसवलेल्या यंत्राला तो प्रचंड भार म्हणजे दूर कुठेतरी झालेला बिघाड वाटला आणि त्याने लाइन तोडली. रखवालदाराने गर्दीलाच दंगल समजून दार लावून घ्यावे, तसे. मग ती वीज दुसऱ्या वाटा शोधू लागली, त्या वाटाही एकामागून एक तुटल्या आणि सगळा उत्तर विभाग कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला पुन्हा तीच लाइन, पुन्हा तसेच. पहिल्या दिवशी सुमारे ३६ हजार मेगावॅटचा भार गेला, दुसऱ्या दिवशी सुमारे ४८ हजारांचा. साठ कोटींहून अधिक माणसे त्या प्रदेशात राहात होती. (त्या वेळचे ऊर्जामंत्री आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. ३१ जुलैलाच त्यांना बढती मिळून ते देशाचे गृहमंत्री झाले! असो.)

आता अहवालातली ती ओळ. कारणे चार दिली आहेत. विभागांना जोडणाऱ्या लाइना कमकुवत झालेल्या. बीना-ग्वाल्हेर-आग्रा लाइनीवर जादा भार. त्या यंत्राची चुकीची कृती. आणि चौथे कारण असे, की उत्तरेतल्या राज्यांना जादा उचल कमी करा, आणि पश्चिमेतल्या राज्यांना कमी उचल व जादा निर्मिती थांबवा, असे सांगूनही दोघांनी पुरेसे ऐकले नाही. दोघांनी! उत्तरेने जादा ओढली आणि पश्चिमेने जादा ढकलली. अरुंद पुलावर एका टोकाने ओढणारे आणि दुसऱ्या टोकाने रेटणारे, दोघेही होते. पूल मोडला तेव्हा रेटणारे आपल्या काठावर कोरडे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडे लाईट होती!

कोणत्या राज्याचा त्यात वाटा किती, याच्या खोलात मी जात नाही. गोव्याचा वाटा असून असून किती असणार? पण "आमच्याकडे" हा शब्दच ग्रिडच्या बाबतीत खोटा आहे. तो का खोटा, हे समजायला वास्कोच्या सप्ताहाइतके चांगले उदाहरण नाही.

सप्ताह ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या मंदिरात भजन सुरू होते ते चोवीस तास अखंड. कोणी एकटा चोवीस तास गात नाही. एकामागून एक मेळ येतात. एक उठायच्या आत दुसऱ्याने टाळ हाती घेतलेले असतात, मृदंगाचा ठेका तोच, लय तीच, नाद तुटत नाही. आता कल्पना करा, एक मेळ आपल्या लहरीने लय चढवू लागला, दुसरा मधेच टाळ खाली ठेवून चहाला गेला. काय उरेल? गोंगाट, आणि मग शांतता.

आपला ग्रिड म्हणजे असा अखंड चाललेला सप्ताह. त्याची लय आहे सेकंदाला पन्नास आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी. सिंगरौलीजवळच्या विंध्याचल केंद्रातले अजस्र जनित्र, तारापूरचे अणुजनित्र, कोयनेचे पाण्यावरचे जनित्र, सगळे या एकाच लयीला बांधलेले. वीज कोठारात भरून ठेवायची सोय आजही अगदी थोडी आहे. देशात या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढी याच क्षणी तयार व्हावी लागते. वापर वाढला, निर्मिती अपुरी पडली, की लय मंदावते. निर्मिती जास्त झाली की चढते. फार ढळली की यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी सुटी होतात आणि भजन मोडते. आमच्या गोव्यात वीजनिर्मिती नावापुरती. आमची वीज येते विंध्याचलहून, छत्तीसगडच्या कोरब्याहून, दक्षिणेतल्या रामगुंडमहून. मावशीच्या इंदूरच्या घरातला पंखा आणि माझ्या ताळगावच्या घरातला पंखा एकाच लयीवर फिरतात. मग "आमच्याकडे" आणि "तुमच्याकडे" कुठून आले?

लय बिघडू नये म्हणून देशात व्यवस्था आहे. दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग करतात. प्रत्येक राज्याने कोणत्या भागात किती वीज घेणार ते आदल्या दिवशी ठरवून द्यायचे आणि त्याप्रमाणे वागायचे. राज्याचे लोड डिस्पॅच सेंटर ते बघते. मध्य प्रदेशचे जबलपूरला आहे. त्याच्यावर विभागाचे, आपल्या पश्चिम विभागाचे मुंबईला, आणि सगळ्यांवर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र. कागदावर नमुनेदार!

ठरल्यापेक्षा जास्त घेतली तर? २००२-०३ च्या सुमाराला एक नवी दरपद्धत आली. भानू भूषण यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. लय मंद असताना जादा उचल केली तर महाग दराने पैसे भरा, कमी उचल केली तर पैसे मिळवा. तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. त्याआधी देशात फ्रिक्वेन्सी ४८ च्या खाली आणि ५१ च्या वर अशी हेलकावत असे. या पद्धतीने ती बरीच ताळ्यावर आली.

पण पुढे काय झाले ते कारकुनाला लगेच कळते. "उचल" हा शब्द आमच्या ओळखीचा. पगारावर उचल घेतली तर ती फेडावी लागते. फेडायची ऐपत असली, किंवा न फेडता चालत असले, की माणूस दर महिन्याला उचल घेतो. राज्यांनी तेच केले. निवडणूक जवळ आली, शेतकरी रस्त्यावर आला, की ओढा वीज, होतील ते पैसे होतील, भरू सवडीने. आणि ज्यांच्याकडे शिल्लक त्यांनी ठेवा ढकलत, वर पैसे मिळतात. दंडाचा दर झाला. बेशिस्त ही विकत घ्यायची वस्तू झाली. लयीशी कोणाला देणेघेणे राहिले नाही.

आणि आदेश मोडण्याची शिक्षा? २००३ च्या वीज कायद्याच्या २९व्या कलमात विभागीय केंद्राचा आदेश न पाळणाऱ्याला दंड ठेवला, जास्तीत जास्त १५ लाख रुपये. पंधरा लाख! बऱ्यापैकी मोटारगाडीची किंमत. कोट्यवधी लोकांना अंधारात लोटू शकणारी आज्ञाभंगाची कृती आणि तिला वरची मर्यादा पंधरा लाखांची! आमच्या खात्यात स्मरणपत्र क्रमांक एक, स्मरणपत्र क्रमांक दोन, स्मरणपत्र क्रमांक तीन अशी पत्रे निघतात. पाठवणाऱ्याला ठाऊक असते की काही होणार नाही, घेणाऱ्यालाही ठाऊक असते. पत्र फाइलला लागले की दोघांची जबाबदारी संपली. २०१२ च्या जुलैत विभागीय केंद्रांचे निरोप राज्यांना जात होते, जात होते, जात होते. मला त्या खुर्चीत बसलेल्या माणसाची दया येते. त्याला पडद्यावर दिसत होते की भार वाढतो आहे, आणि त्याच्या हातात होते फक्त स्मरणपत्र.

राज्याच्या केंद्रात बसलेला अभियंता तरी काय करणार? तो पगार घेतो राज्याच्या कंपनीकडून. वरून मंत्र्याचा फोन येतो, अमुक जिल्ह्याची वीज तोडायची नाही. खालून विभागीय केंद्राचा निरोप येतो, ताबडतोब भार कमी करा. तुम्ही त्याच्या जागी असतात तर कोणाचे ऐकले असते? मी तर फोनचेच ऐकले असते. कबूल करतो.

आता मी जे म्हणणार आहे ते पुष्कळांना आवडणार नाही. त्या मंत्र्याला फोन करायला लावणारे आपण आहोत.

मध्य प्रदेशचेच बघा. नव्वदच्या दशकात तिथे शेतीपंपांना फुकट वीज दिली गेली. वीज मंडळ खंक झाले. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची मोठी केंद्रे तिकडे गेली. मग लोडशेडिंग सुरू झाले, तिथल्या भाषेत "कटौती". मावशी सांगते, तेव्हा इंदूरसारख्या शहरातही कंदील पुसून काच लख्ख करणे हे संध्याकाळचे ठरलेले काम होऊन बसले होते. २००३ साली "बिजली, सड़क, पानी" या तीन शब्दांवर दिग्विजयसिंगांचे सरकार पडले. म्हणजे फुकट दिलेल्या विजेने मते तारली नाहीत, नसलेल्या विजेने मात्र सरकार बुडवले. यापासून कोणी काही शिकले? २०१९ मध्ये काँग्रेस सरकारने महिना १५० युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत दिली. सरकार बदलले, योजनेचे नाव बदलले, योजना राहिली. गरिबाला स्वस्त वीज द्यायला माझी हरकत नाही, द्यायलाच हवी. पण सवलतीचे पैसे सरकारने वीज कंपनीला वेळेवर मोजून द्यावेत. ते थकले की कंपनी थकते, लाइनींची दुरुस्ती पुढे ढकलली जाते, रक्षणाची यंत्रे तपासायला माणसे मिळत नाहीत. आणि मग एका पहाटे बिघाड नसताना लाइन तुटते.

न्याय म्हणून हेही सांगतो, की २०१३ मध्ये मध्य प्रदेशने घरांच्या आणि शेतीच्या लाइना वेगळ्या करून घरांना २४ तास आणि शेतीला १० तास वीज द्यायची योजना आणली. हे शहाणपणाचे काम. शेतीचा भार वेगळा, म्हणजे तो केव्हा चालू आणि केव्हा बंद ते ठरवता येते.

इंदूरकरांना तर ग्रिडची किंमत पाण्याच्या घोटाघोटाला कळायला हवी. इंदूरचे पाणी येते नर्मदेचे, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढवून, पंपांनी. १९७० च्या सुमारास तिथल्या लोकांनी आंदोलन करून हे पाणी मागितले आणि १९७८ मध्ये ते शहरात पोचले. जलूदचे पंप थांबले की मावशीच्या नळाला पाणी नाही. त्या पंपांच्या वीजबिलाने महापालिकेचे कंबरडे मोडते, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित कर्जरोखे काढून लोकांकडून पैसे उभे केले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प करण्यासाठी. मला याचे कौतुक आहे. शहराने स्वतःच्या गरजेसाठी स्वतः पैसे घालणे याला मी नागरिकत्व म्हणतो. पण सूर्य मावळल्यावरही पंप चालावे लागतात. तेव्हा आधार ग्रिडचाच.

आणि आपला मध्यमवर्ग? आपण काय केले? आपण इन्व्हर्टर घेतला!

इन्व्हर्टर ही वस्तू वाईट नाही. आजारी माणूस, परीक्षेचा अभ्यास, दुकान, सगळ्याला लागते. माझ्याकडेही आहे. पण ज्या दिवशी ती घरात आली त्या दिवशी मी वीज खात्यात फोन करून भांडणे बंद केले, हे मी स्वतःत पाहिले आहे. गल्लीत ज्यांच्या तक्रारीला वजन असते त्या सगळ्यांकडे बॅटरी आली आणि गल्लीची तक्रार संपली. उरला तो मागच्या झोपडीतला, त्याचे कोण ऐकतो? शिवाय बॅटरी वीज तयार करत नाही. देते त्याहून जास्त ती आधी ओढून घेते. लाईट आली की गल्लीतल्या सगळ्या बॅटऱ्या एकदम ओढायला लागतात, नेमकी ग्रिड सावरत असते तेव्हा. सरकारी शाळा बिघडली, खासगीत घातले. नळाचे पाणी बिघडले, बाटली घेतली. वीज बिघडली, इन्व्हर्टर घेतला. प्रत्येक वेळी आपण सार्वजनिक गोष्ट सोडून पळालो आणि वर व्यवस्थेला शिव्या दिल्या. दिल्लीतही २०१२ ला इन्व्हर्टर आणि जनरेटर होतेच की. मेट्रो कोणाच्या इन्व्हर्टरवर चालणार होती?

काही वाचक म्हणतील, हे सगळे जुने झाले. २०१२ नंतर तसा प्रसंग पुन्हा आलेला नाही. खरे आहे, आणि ज्यांच्यामुळे आला नाही त्यांना माझा नमस्कार. फ्रिक्वेन्सीची चौकट २०१४ मध्ये ४९.९० ते ५०.०५ इतकी अरुंद केली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाइनीने दक्षिण भारतही उरलेल्या देशाशी जोडला गेला आणि सगळा देश एका लयीवर आला. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली, तरी दिवे राहिले.

ही माणसे काय करू शकतात ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसले. आठवते ना? रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपण सज्जात उभे राहून फोटो काढत होतो. तिकडे डिस्पॅच सेंटरमधले लोक घाम पुसत होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. उतरली सुमारे ३१ हजारांनी! दोन हजार बाराच्या पहिल्या दिवशीचा जवळजवळ तेवढाच भार, काही मिनिटांत गेला आणि काही मिनिटांत परत आला. जलविद्युत केंद्रांनी सुमारे साडेसतरा हजार मेगावॅट खाली आणले आणि पुन्हा वर नेले. फ्रिक्वेन्सी ४९.७० आणि ५०.२६ च्या मध्ये राहिली. कारण त्या रात्री आधी ठरले होते, सगळ्यांना निरोप गेले होते, आणि सगळ्या राज्यांनी ते पाळले होते. मेळाने मेळाच्या हातून टाळ घेतला. म्हणजे जमते! तेच लोक, तीच यंत्रे, तोच देश.

मग रोज का जमू नये? कारण पुढचे दिवस सोपे नाहीत. दुपारी सौर वीज भरपूर, संध्याकाळी सूर्य बुडताच ती शून्य, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू. हा उतार-चढ रोज सांभाळायचा आहे. श्रीमंत देशांनाही हे अवघड जाते. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दिवसा स्पेन आणि पोर्तुगाल एकदम अंधारात गेले. लिस्बनला असलेला माझा शाळासोबती (आमच्या गावचे निम्मे तरुण तिथेच आहेत) दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "अरे, काल गोव्याची आठवण झाली!" हसलो दोघेही. पण त्याला वीज परत मिळाली त्याच रात्री, आणि नंतर तिथे विजेच्या दाबावर नियंत्रण कोणाचे कमी पडले याची चिरफाड जाहीरपणे सुरू झाली. आपल्याकडे लाईट आली की विषय संपतो.

गोव्यातल्या वाचकांना एक प्रश्न. २०२० मध्ये मोलेचे जंगल वाचवायला आपली तरुण मुले उभी राहिली, छत्तीसगडच्या तमनारचे नाव असलेल्या ४०० किलोव्होल्टच्या लाइनीविरुद्धही बोलली. मनाने मी त्यांच्या बाजूचा होतो, झाडे तोडल्याचे दुःख मलाही होते. पण त्याच वर्षांत आपण गोव्यात किती एसी लावले? कोळसा कोरब्याचा जळावा, राख तिकडच्या शेतांत पडावी, तार कोणाच्या तरी दुसऱ्याच्या रानातून जावी आणि लाईट मात्र आमच्याकडे असावी, हे कसे चालेल? तार कुठून न्यायची यावर भांडू या, जरूर भांडू या. पण किती वीज लागते आणि ती कोणाच्या अंगणातून येते, याचा हिशेबही त्याच सभेत मांडू या.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्याचे लोड डिस्पॅच सेंटर मंत्र्याच्या फोनपासून सुटे करा, निवडणूक आयोगासारखे नाही तर निदान लेखापरीक्षकासारखे. आज्ञाभंगाचा दंड असा ठेवा की तो परवडणार नाही. सवलतीचे पैसे आधी भरा, घोषणा मग करा. आणि आपल्यासाठी: दिवसा सौर वीज भरपूर असताना पाण्याचा पंप, गिरण, कपड्यांचे मशीन चालवा. दिवसाच्या वेळेनुसार दर आकारायचे नियम २०२३ मध्ये आले आहेत. त्यांना नुसता विरोध करण्याआधी एकदा समजून घ्या. आणि वीज गेली तर इन्व्हर्टर असला तरी तक्रार नोंदवा, मागच्या झोपडीतल्यासाठी.

गेल्या वर्षी पुन्हा इंदूरला गेलो होतो. काका आता थकले आहेत. बाहेर वादळ झाले आणि कॉलनीतली वीज गेली. समोरच्या इमारतीत जनरेटर धडधडू लागला. काकांनी सवयीने विचारले, "दुसरीकडे आहे का रे?" मावशी म्हणाली, "दुसरीकडचं कशाला विचारता? फोन लावा आधी." मी फोन लावला. बारा मिनिटांनी कोणीतरी उचलला.